लोंगोनोट चढण्यासाठी घेतलेले कौल

परत आल्यापासून कोरगावात भेटेल तो एकच विचारतो, "वाघ बघितलंत?" आफ्रिकेत वाघ नसतात असं सांगितलं की माणसं दयेने बघतात. एवढ्या लांब जाऊन मास्तर फसला, असा त्या बघण्याचा अर्थ. मग मी सांगतो की आम्ही वाघ बघायला गेलोच नव्हतो, डोंगर चढायला गेलो होतो. यावर माणसं पावसाचं बोलायला लागतात. ज्याच्या परसामागे डोंगर आहे तो माणूस डोंगर चढायला विमानाने जातो, हे ऐकल्यावर बोलण्यासारखं उरतं तरी काय? तेव्हा ज्यांना जायचंच नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जायचंय पण घरात थोरला भाऊ आहे त्यांच्यासाठी, हे लिहून ठेवतो.

कोरगाव

मी उत्तर गोव्यात, पेडण्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. नोकरी लागली तेव्हापासून दर वर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढतो, लाल खडूने लाव्हा भरतो आणि सांगतो की ज्वालामुखीचे तीन प्रकार: जागृत, सुप्त आणि मृत. मुलांनी हेच प्रकार शिक्षकांनाही लावलेले आहेत. मी कुठल्या प्रकारात बसतो ते मी विचारलेलं नाही. खरा ज्वालामुखी मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहावा असंही मला कधी वाटलं नव्हतं. खडूने काम भागत होतं.

हे सगळं उकरून काढलं ते माझ्या बायकोने. सुलभा डिचोलीकडची, आमोण्याची. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग किमो, केस गेले, केस आले. डॉक्टरांनी सांगितलं, "आता तुम्ही बऱ्या आहात. चाला, फिरा, हवं ते करा." डॉक्टर 'चाला' म्हणाले, आमच्या घराने 'सांभाळा' असं ऐकलं. तेव्हापासून तिने कळशी उचलली की तीन माणसं धावायची. ती विहिरीकडे निघाली तर वहिनी मागून सावलीसारखी. मी तर रात्री उठून ती श्वास घेते की नाही ते बघायचो, आणि मी बघतोय हे तिला कळलं की झोपेचं सोंग घ्यायचो.

तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा निलेश केनियात रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. तो नैवाशा नावाच्या गावी राहतो. एका रविवारी त्याचा फोन आला. जवळच लोंगोनोट नावाचा सुप्त ज्वालामुखी आहे, एका दिवसात चढून उतरता येतो, पण दम काढतो, आणि "काका, तुम्ही भूगोलवाले, तुम्ही यायलाच हवं." मी तोंडभर हसलो आणि नेहमीसारखं "बघूया" म्हणालो. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे 'नाही', हे पेडणे तालुक्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं. सुलभाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "निलेश, मी येतंय. वरच्या शेंड्यापर्यंत. तुझे काका येतीत तर येंव दी."

आणि ती मासे साफ करायला निघून गेली.

आता आमच्या भाऊंबद्दल. भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, घराचे कर्ते, आणि देवाला प्रश्न विचारण्यात अख्ख्या गावात पुढे. विहीर कुठे खणायची, मुलाने कुठली नोकरी धरायची, जुनी गाडी विकायची की नाही, सगळ्याला देवळात कौल. ज्यांनी आमच्याकडचा कौल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, कर्ता माणूस गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला मोठ्याने विनवून, प्रश्न विचारतो, आणि सगळे डोळे फाडून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या गोव्यात माणसं मराठी-कोकणीवरून एकमेकांची डोकी फोडतील, पण पाकळी कुठली पडली यावर वाद नाही. पाकळीला भाषा नसते.

"सुप्त म्हणजे निजलेलो?" भाऊंनी मला विचारलं.

"होय."

"मेल्लो न्हय?"

"न्हय."

"मगे उठात."

"भाऊ, शंभर-दीडशे वर्षांत उठलेला नाही."

"आमचो बाबलो पण बारा वाजापर्यंत निजता," भाऊ आपल्या मुलाबद्दल म्हणाले, "पण उठता मा?"

कौल घ्यायचं ठरलं. भाऊ, मी, वहिनी आणि बाबलो देवळात गेलो. सुलभाला नेलं नाही. देवळाला पायऱ्या आहेत, आणि तिला पायऱ्या चढवणं बरं नव्हे असं सर्वांचं मत पडलं. ज्वालामुखी चढू पाहणाऱ्या बाईला आम्ही देवळाच्या पायऱ्यांपासून वाचवलं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

भाऊंनी विचारलं, "लोंगोनोटाक जावंक आज्ञा आसा?" डावी पाकळी टपकन पडली. भाऊंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मीही, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पण घरी जाऊन सुलभाला हे सांगायचं कोणी? ती मासे कापते ती सुरी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हणालो, "देवाक लोंगोनोट म्हणजे काय तां कळलां नसात."

गुरव अनुभवी होता. म्हणाला, "भाऊ, प्रश्न बारीक करा."

मग प्रश्नाचे तुकडे झाले. विमानात बसावं? उजवी. निलेशच्या घरी जावं? उजवी. डोंगराच्या पायथ्याशी जावं? उजवी. वरच्या विवराच्या कड्यापर्यंत चढावं? दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या. घामाने आमचे सदरे भिजले, पाकळ्या मात्र हलेनात. शेवटी गुरवाने भाऊंकडे बघून हळूच विचारलं, "फॅन लावू?"

फॅन लागला. उजवी पडली.

"आता शेंड्याचा विचारूया," मी म्हणालो.

"नको," भाऊ म्हणाले. "देवाक किती दमवशीत? कड्यापर्यंत आज्ञा दिली, ती थोडी आसा?"

एका ज्वालामुखीच्या चढाईचं नियोजन अशा रीतीने पार पडलं. घरी येऊन मी सुलभाला निकाल सांगितला: कड्यापर्यंत परवानगी, शेंडा नाही. ती बांगड्याची डोकी वेगळी करत होती. मान वर न करता म्हणाली, "बरां."

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने या शब्दाला घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नाही.

मग सराव. संध्याकाळी आम्ही दोघं काजूंच्या बागांमधून वर सड्यावर, कातळाच्या माळावर जायचो. पाठीवर पिशव्या. आमच्याकडे चालणारा माणूस म्हणजे एक तर स्कूटर बंद पडलेला, नाहीतर साखर वाढलेला. जो तो गाडी थांबवून विचारायचा, "मास्तर, पेट्रोल संपलां?" पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून "होय, संपलां" म्हणू लागलो. ते सोपं होतं, आणि माझ्या बाबतीत खोटंही नव्हतं.

मोपा

विमानतळ झाला ते मोपाचं पठार आमच्या लहानपणी करवंदांसाठी प्रसिद्ध होतं. आम्ही तिथून तोंड जांभळं करून घरी यायचो आणि मार खायचो. आता तिथे माणसं सामानाच्या ढकलगाड्या घेऊन धावतात. पोचवायला आमचं अर्धं घर आलं होतं. आत फक्त आम्हा दोघांनाच सोडणार हे माहीत असूनही सगळे आले, कारण न येणं वाईट दिसतं.

निघताना भाऊंनी माझ्या बॅगेत, तिथली जागा राखणाऱ्या देवाला म्हणून, सोललेला नारळ कोंबला. "थंयचो राखणदार आसतलोच. डोंगराक राखणदार नाय असां जावंक शकना नाय. पायथ्याक नारळ ठेवा. आणि गाऱ्हाणां मी घालतंय, व्हिडिओवर."

"भावोजी, थंय नेटवर्क नसात," सुलभा आशेने म्हणाली.

"निलेशाक विचारलंय," भाऊ म्हणाले. "आसा."

नैवाशा

नैरोबीला उतरल्यावर पहिली भेट एका अधिकाऱ्याची झाली. त्याने बॅग उघडली, नारळ बाजूला काढला आणि परदेशी फळ म्हणून जप्त केला. नारळाच्या खाली वहिनीने बांधून दिलेली सुकी सुंगटं होती. पुडी अर्धी उघडताच त्याने ती मिटली, श्वास रोखूनच बॅग बंद केली आणि मला हाताने पुढे जायला सांगितलं. कोळंबीच्या वासाने वाचवलेला मी पहिला गोवेकर नसेन.

निलेशचं घर तळ्याजवळ आहे. पुढच्या सकाळी त्याने आम्हाला एका टपरीवर नेलं. मांदाझी नावाचा पदार्थ खाल्ला. आमच्या हॉटेलातला तळलेला गोड बन्सच तो, केळं घालायचं विसरलेला. चहा दुधाळ आणि गोड, आणि त्याला तिथेही 'चाय'च म्हणतात. चपातीला चपाती, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी, आणि टेबलाला 'मेझा'. आमच्या घरातही टेबलाला अजून मेज म्हणतात. पोर्तुगीज दोन्ही किनाऱ्यांवर येऊन बाकी काय काय करून गेले ते बाजूला ठेवू. फर्निचरची नावं तेवढी वाटून गेले.

एक रीत मला फार आवडली. तिथे कोणी एकदम कामाचं बोलत नाही. पेट्रोल भरायचं असलं तरी आधी तुम्ही कसे आहात, घरचे कसे आहेत, रात्र कशी गेली. आमच्याकडेही विचारपूस असते, पण ती पुढच्याला उत्तर देऊ देत नाही. सुलभाला तर कोरगावात दोन वर्षं एकच प्रश्न होता: "आता कशी आसा तब्येत?" आणि उत्तर ऐकण्याआधी मान डावीकडे कलती करून चुकचुकायचं. टपरीवरच्या बाईने तिला विचारलं, "कशी आहेस?" सुलभा म्हणाली, "छान." बाई म्हणाली, "दिसतेसच," आणि दुसरी मांदाझी पुढे केली. सुलभाने ती सबंध खाल्ली आणि माझ्या बशीतली अर्धीही.

निलेशने बाजारातून नारळ मिळवला. मोंबासाकडून येतात म्हणे.

लोंगोनोट

डोंगर दुरूनच दिसतो. वरून कापलेला, जणू कोणी वरचा तुकडा चाखायला घेऊन गेलं असावं. पायथ्याला मोकळं गवत, त्यात झेब्रे चरत होते, एक जिराफ बाभळीच्या शेंड्यावरून आमच्याकडे शाळा तपासणीसासारखा बघत होता. फाटकावर वनखात्याची एक रक्षक बाई होती, वांजिकू. हसरी, खांद्यावर बंदूक.

चढाई लवकर सुरू करायची, ऊन वर येण्याआधी कडा गाठायचा, असं निलेशने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण भाऊंचा फोन आधी आला. पडद्यावर भाऊ, मागे वहिनी, बाबलो आणि दोन शेजारी. मी फाटकाबाहेर एका दगडावर नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या मुलकाच्या राखणदारा!" भाऊंनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" कोरगावातून आवाज आला.

"ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

वांजिकूने निलेशला विचारलं, हे कोणाशी बोलतायत? निलेश म्हणाला, डोंगराच्या मालकाशी. "मालक सरकार आहे," ती म्हणाली. "तिकीट काढलंय ना? मग झालं." तरी तिला प्रकार आवडला असावा. पुढच्या वाक्याला तिनेही ठणकावून "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि तिकिटाच्या रांगेतली चार-पाच माणसंही म्हणू लागली. भाऊंना चेव आला. त्यांनी मग राखणदाराला आमची कुळी सांगितली, माझी नोकरी सांगितली, वाटेतले साप-किरडू सांगितले. नेटवर्क तुटलं की पहिल्यापासून. ऊन चढत होतं.

"आणि ही बाय," भाऊ शेवटाकडे आले, "दुखण्यातसून उठलेली आसा. तिका कड्यार पावव आणि थंयसूनच धड परत धाड. शेंड्याची बुद्धी तिका दिव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. वांजिकू म्हणाली. सवयीने मीही म्हणालो.

सुलभा बुटाची नाडी बांधत होती, ती तिने सोडून पुन्हा बांधली.

मी नारळ फोडला. खोबरं खाली पडतं न पडतं तोच बाभळीवरून एक माकड उतरलं आणि मोठी कवड घेऊन पसार झालं. "मानून घेतलो!" भाऊ पडद्यावर ओरडले. "राखणदारान मानून घेतलो!" आणि फोन बंद झाला.

चढण सुरू झाली तेव्हा सूर्य डोक्याकडे निघाला होता. वाट म्हणजे राख. मऊ, करडी, घोट्यापर्यंत. एक पाऊल वर टाकावं तर ते पाऊण पाऊल मागे येतं. पावसाने कापलेल्या घळी आणि मधूनच लाकडी पायऱ्या. उतरणारी माणसं "पोले पोले" म्हणत जायची, म्हणजे हळूहळू. सुलभाने तो मंत्रच धरला. ती न थांबता, न बोलता, एकाच चालीने, भात लावणाऱ्या बाईसारखी खाली बघत चढत होती. थांबत होतो मी. आणि दर वेळी म्हणत होतो, "निलेश, जरा बसूया. मावशीला दम घेऊ दे." मावशी उभी राहून वाट बघायची. तिसऱ्या वेळी निलेश म्हणाला, "काका, मावशीला दम घ्यायचा असेल तर तुम्ही कशाला आडवे पडताय?"

कड्यावर पोचलो. अचानक डोंगर संपला आणि पुढे आत उतरणारं भलंमोठं विवर. माझ्या फळ्यावर तिथे लाल खडू असतो. इथे हिरवं जंगल होतं. विवराच्या तळाशी दाट, अंधारं जंगल, आणि पलीकडच्या भिंतीतून वाफेची बारीक रेघ. मी भूगोलाचा शिक्षक, माझ्या तोंडातून "अरे!" एवढंच निघालं.

सुलभाने वाकून तळापर्यंत बघितलं. तिच्या माहेराच्या आसपास डोंगर होते. आमच्या लग्नाच्या वेळेस निम्मे होते, आता त्यांच्या जागी लाल पाण्याने भरलेले खाणींचे खड्डे आहेत. "हो खड्डो कोणी मारूंक नाय," ती म्हणाली, "म्हणून हिरवो आसा. आमच्याकडे असले खड्डे मारूक ट्रक लागले." आणि तिने डावीकडे बघितलं. तिकडे कडा वर वर चढत जाऊन एका टोकाला पोचत होता. तो शेंडा.

तिने पाण्याची बाटली उचलली.

"सुलभा," मी म्हणालो. "इथपर्यंतच."

"कोण म्हणता?"

"कौल. कड्यापर्यंतचा कौल मिळालाय."

"कोणी विचारल्यानी देवाक?"

"आम्ही."

"मी होतंय थंय?"

"तुला पायऱ्या..." मी म्हणालो. ती त्या डोंगराच्या कड्यावर उभी होती.

"मगे कौल तुमचो," ती म्हणाली. "तुमी तो पाळा. हंयच बसा." आणि निलेशकडे वळून, "चल रे."

निलेशने माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? तिच्याबरोबर जायला हवं होतं. पण मी जेवणाची पिशवी खाली ठेवली, ती भीतीने की दमल्याने ते आजही सांगता येणार नाही. मी म्हणालो, "सांभाळ तिला." सुलभा वळून म्हणाली, "तो माका सांभाळूचो नाय. तो वाट दाखयतलो."

ती दोघं निघाली. तिची लाल ओढणी बारीक होत गेली, मग एका उंचवट्यामागे दिसेनाशी झाली.

मी दगडावर बसलो. ऊन माथ्यावर. दोन वर्षं मी तिला राखत होतो आणि आता माझ्याकडे राखायला फक्त जेवणाची पिशवी होती. फोन वाजला. भाऊ.

"खंय पावलात?"

"कड्यार."

"सुलभा?"

"आसा. बाजूक."

"बरी आसा?"

"बरी आसा," मी म्हणालो. 'बाजूक' हे खोटं होतं. 'बरी आसा' हे खरं आहे की खोटं ते मला माहीत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

मी त्या उंचवट्यावरून नजर हलवली नाही. माणसं येत होती, जात होती. कोणी मला केळं दिलं, ते हातातच राहिलं. ढगाची सावली विवरातल्या जंगलावरून सरकली. लाल काही दिसलं की मी उठायचो. एकदा ती कोणाची तरी टोपी निघाली, एकदा झुडपाची फुलं. ज्या वाटेने ती गेली ती वाट रिकामीच. नको नको ते मनात येऊ लागलं. मी उठलो, त्या दिशेने चार पावलं गेलो, घसरलो, गुडघा फोडून घेतला आणि तिथेच हाका मारायला लागलो.

"सुलभाऽऽ!"

"थंय कोणाक साद घालतात तुमी?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. सुलभा माझ्या दगडाशेजारी उभी होती. केस, पापण्या, ओढणी, सगळं राखेचं. मागे निलेश, खाली वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. ती शेंड्यावर गेली होती आणि आल्या वाटेने परतली नव्हती. कडा धरून पुढेच चालत राहिली होती, अख्ख्या विवराला वळसा घालून. विवर वाटोळं असतं. मी ते इतकी वर्षं फळ्यावर काढतो आहे.

ती दगडावर बसली. मी शेजारी टेकलो. दोन वर्षांच्या सवयीने जे तोंडी बसलं होतं तेच बोललो.

"दमलीस?"

हा प्रश्न मी तिला रोज दहादा विचारत आलो होतो, आणि रोज दहादा ती 'नाय' म्हणत आली होती. कारण एकदा जरी 'होय' म्हणाली असती तर आम्ही सगळ्यांनी मिळून तिला खाटेवर निजवलं असतं.

"होय रे देवा," ती म्हणाली आणि बूट उपडे करून राख झाडू लागली. "मरणाची दमलंय. पिशवी हाडा हंय. सुंगटां आसत मा?"